दोन मिनिटांची ओळख

"प्रत्येकी दोन मिनिटं," असं सांगून संयोजक मोबाइलवर टायमर लावतात. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात आणि डावीकडून सुरुवात होते. ज्याची पाळी पाचवी-सहावी असते त्याला पहिल्या चौघांचं काही ऐकू येत नाही, तो आपलंच वाक्य मनात घोळवत असतो. ज्याची पाळी होऊन गेली त्याचंही लक्ष नसतं. काय सांगायचं राहिलं, याची चुटपुट त्याला लागलेली असते. पंचवीस माणसांच्या त्या खोलीत कान देऊन ऐकणारा एकच, टायमर धरून बसलेला. त्यालाही ऐकायचं असतं ते फक्त बोलणं कधी संपतं ते.

या गोलात मी गेली ११ वर्षं बसते आहे. नव्याने धंद्यात उतरलेल्या मुलामुलींना हिशेब शिकवणं हे माझं काम. खेळतं भांडवल, येणी-देणी, नफा आणि हातातली रोकड यांतला फरक, असले कोरडे विषय. बॅचच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली पार्श्वभूमी सांगायची असते. मुलांनीही आणि आम्ही शिकवणाऱ्यांनीही. इतक्या ओळखी ऐकून झाल्यावर आता दुसऱ्या वाक्यालाच तिसरं काय येणार ते कळतं.

मुलांची ओळख बहुतेक वेळा नोकरीतल्या घुसमटीपासून सुरू होते. मग एखादा प्रसंग येतो, प्रवासातला नाहीतर रात्री उशिराचा, आणि त्या प्रसंगात कल्पना सुचते. मग 'शून्यातून सुरुवात', आणि लगेच आजची टीम, आजचे ग्राहक. सुचणं आणि आज यांच्या मधली वर्षं कुठे गेली ते विचारायचं नसतं. आम्हा शिकवणाऱ्यांची तऱ्हा निराळी. आमच्या ओळखीत प्रसंग औषधालाही सापडायचा नाही, नुसत्या पदव्या आणि बेरजा: इतकी वर्षं, इतके विद्यार्थी, इतक्या संस्था.

माझं वाक्य होतं: "उद्योग आणि अध्यापन या दोन्ही क्षेत्रांतला १८ वर्षांचा अनुभव." एका दमात म्हणता येतं. म्हणून झालं की दोनचार जण वहीत काहीतरी टिपतात, बहुधा १८ हा आकडा. त्या आकड्याकडे मी नंतर येते. आधी त्या मुलीचं सांगते, कारण तिच्यामुळेच हे सगळं उकरलं गेलं.

मुलगी असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. पाळी आल्यावर तिने घडी घातलेला कागद उलगडला आणि वाचलं, "आम्ही सर्क्युलर इकॉनॉमीमध्ये सस्टेनेबल लॉजिस्टिक्स सोल्यूशन्स देतो." एवढं वाचून थांबली. कुणालाच काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सहज विचारलं, "म्हणजे सकाळी कामावर गेलात की पहिलं काय करता?"

ती गडबडली. कागदाकडे बघितलं, तिथे उत्तर नव्हतं. मग म्हणाली, "खिळे काढतो, मॅडम."

खोलीत हशा पिकला. तीही हसली, आणि मग सांगायला लागली. गोदामात माल ज्याच्यावर रचतात आणि फोर्कलिफ्टचे दोन दांडे ज्याच्या पोटात घालून उचलतात, ते लाकडी पॅलेट. ते मोडलं की कंपनीला नकोसं होतं, कोपऱ्यात ढीग साठतो. ही मुलगी तो ढीग उचलून आणते, मोडक्या फळ्या काढून दुसऱ्या बसवते आणि पॅलेट परत विकते. ऐकायला सोपं. पण पॅलेटचा खिळा साधा नसतो, त्याला स्क्रूसारखा पीळ दिलेला असतो. ओढायला जावं तर खिळा जागच्या जागी राहतो आणि फळी दुभंगते. म्हणून खिळा ओढायचाच नाही. फळी आणि तिच्याखालचं आडवं लाकूड यांच्या फटीत करवतीचं पातं सरकवायचं आणि खिळाच कापायचा. हे सांगताना तिने एक पंजा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्याखालून सरकवली. कागद केव्हाच खाली पडला होता.

माल परदेशी जाणार असेल तर आणखी एक भानगड असते. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून 'आयएसपीएम १५' नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याप्रमाणे लाकूड भट्टीत तापवायचं, आणि तेही नुसतं वरवर नाही. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं उमटतात. "आणि दुरुस्तीत एक-तृतीयांशाहून जास्त लाकूड बदललं ना मॅडम, तर जुना शिक्का पुसायचा आणि अख्खं पॅलेट परत तापवायचं. म्हणून पॅलेट समोर आलं की आम्ही आधी फळ्या मोजतो. किती बदलायच्या यावर ठरतं, हात लावायचा की जळणात टाकायचं."

टायमर वाजून गेला होता. संयोजकांनी तो हळूच बंद केला. एका मुलाने विचारलं, करवतीचं एक पातं किती पॅलेटं टिकतं? दुसऱ्याने विचारलं, मोडकी पॅलेटं फुकट मिळतात की विकत घ्यावी लागतात? तिसरी एक मुलगी फर्निचर बनवायची, तिने तिथल्या तिथे त्या जळणातल्या फळ्यांची चौकशी केली. ११ वर्षांत ओळखीच्या तासाला धंद्याचा सौदा होताना मी पहिल्यांदा पाहिला.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "अगं, हे सगळं तुझ्या कागदावर का नव्हतं?"

"त्यात काय सांगायचं मॅडम? खिळेच तर काढतो. आणि पिचिंगच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, मोठं बोलायचं."

गुंतवणूकदारांपुढे आपला धंदा कसा मांडायचा, ते शिकवणारे आमच्यातलेच. आम्हीच शिकवतो, मोठं बोला म्हणून, आणि मग मुलं खिळे लपवतात.

तसं पाहिलं तर मोठं बोलण्यात नवल काही नाही. सुमारे १४८२ साली, वयाच्या तिशीत, लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी स्वतःची ओळख करून देणारं पत्र तयार केलं. तोवर लोक त्याला चित्रकार म्हणून ओळखत. पत्रात मात्र ओळीने दहा मुद्दे, आणि त्यातले बहुतेक लढाईचे. उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी काढायची युक्ती, तोफा, झाकलेले रथ. दहाव्या मुद्द्यात शांततेच्या काळातली बांधकामं येतात, आणि मूर्तिकाम, चित्रकला अगदी शेवटाकडे, जाता जाता. बढाई त्यातही आहेच. पण ती बढाई वस्तूंची आहे. पूल किती हलका, तो जाळायला शत्रूला किती अवघड, हे त्यात येतं. 'नाविन्यपूर्ण संरक्षण सोल्यूशन्स' असं काही त्या माणसाने लिहिलं नाही. समोरच्याला रोज कशाची गरज पडते हे पाहून त्याने आपल्या पोतडीतून तेवढं बाहेर काढलं. त्या मुलीच्या कागदावर वस्तूच नव्हती, एवढाच काय तो फरक, पण तो फार मोठा आहे.

दुसरी खोड गोष्ट रचण्याची. 'ईबे'ची जन्मकथा कित्येक वर्षं अशी सांगितली जायची: पिएर ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या छोट्या डब्या जमवायचा नाद होता, तिला त्यांची अदलाबदल करता यावी म्हणून त्याने ही वेबसाइट काढली. गोड गोष्ट आहे. पण ती १९९७ साली कंपनीच्या प्रसिद्धी विभागात रचली गेली होती आणि पुढे हे उघडही झालं. खरी सुरुवात १९९५ सालची. ओमिद्यारला लिलाव पद्धतीचा खुला बाजार इंटरनेटवर करून बघायचा होता, आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका आहे हे माहीत आहे ना, असं त्याने घेणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.

आता मला सांगा, या दोन्हींत उपयोगाची गोष्ट कोणती? डब्यांची गोष्ट ऐकून माणूस 'आहा' म्हणतो आणि घरी जातो. मोडक्या पॉइंटरच्या गोष्टीत अख्खा धंदा आहे: जगात कशालाही गिऱ्हाईक असतं, फक्त विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नसतात. प्रसिद्धीवाल्यांना मात्र वाटलं असणार की मोडक्या वस्तूची बातमी कोण छापणार.

राहिलं ते 'शून्यातून'. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. एक मुलगा होता, हुशार, मेहनती, बोलण्यात गोड. "शून्यातून उभं केलं," असं म्हणाला आणि टाळ्या पडल्या. पुढे वर्गात त्याचाच नफा-तोटा फळ्यावर मांडायला घेतला तर भाड्याचा रकाना कोरा. विचारलं तर कळलं की गोदाम वडिलांचं आणि पहिला ग्राहक वडिलांचा मित्र. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. वडिलांचं गोदाम असणं हा गुन्हा नाही, ते नीट वापरून घेणं ही तर अक्कल आहे. पण त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांतले दोघं तोच धंदा भाड्याच्या जागेत करायच्या बेतात होते. त्यांच्या दृष्टीने त्या ओळखीतली सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या कोऱ्या रकान्यात होती.

ॲमेझॉनची गॅरेजमधली सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ असते. जेफ बेझोस १९९४ साली नोकरी सोडून निघाला तेव्हा तो न्यूयॉर्कमधल्या डी. ई. शॉ या गुंतवणूक संस्थेत वरिष्ठ उपाध्यक्ष होता, आणि १९९५ मध्ये त्याच्या आईवडिलांनी कंपनीत २,४५,५७३ डॉलर घातले, हे गॅरेजइतकं कुणी सांगत नाही. त्याने त्यांना आधीच बजावलं होतं की हे पैसे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे. मला यात गॅरेजपेक्षा जास्त शिकायला मिळतं. पैसे कुणाचे, ते बुडाले तर घर चालेल का, आणि हे त्यांना आधी तोंडावर सांगितलं का, हे तीन प्रश्न त्यातून निघतात. पॅलेटवाल्या मुलीला मी असंच विचारलं होतं, पहिले सहा महिने घर कशावर चाललं? "आईच्या पेन्शनवर," ती पटकन म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "तिला अजून परत दिले नाहीत."

तरुणपणाचंही असंच. 'यंग' हा शब्द आता पदवीसारखा लावतात, आणि चाळिशीतला कुणी वर्गात आला तर तो ओळखीची सुरुवातच माफी मागितल्यासारखी करतो: "मी जरा उशिराच..." अमेरिकेत आझुले, जोन्स, किम आणि मिरांडा या संशोधकांनी जनगणना विभागाच्या नोंदी घेऊन संस्थापकांची वयं तपासली. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवात करतानाचं सरासरी वय ४५ निघालं. ५० वर्षांच्या माणसाला असं यश मिळण्याची शक्यता ३० वर्षांच्या माणसापेक्षा जवळजवळ दुप्पट दिसली. आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेलं असेल तर पारडं आणखी जड. म्हणजे ओळखीत जी वर्षं आपण 'नोकरीत अडकलो होतो' म्हणून एका वाक्यात उरकतो, तीच पुढे कामी येतात. हा निष्कर्ष मी प्रत्येक बॅचला सांगते. पंचविशीतली मुलं नाराज होतात आणि मागच्या खुर्चीवरचे एक-दोन जण ताठ बसतात.

हल्ली याच्या उलट फॅशनही निघाली आहे, अपयश सांगण्याची. मेलनी स्टीफन नावाच्या संशोधिकेने २०१० साली सुचवलं की आपल्या नाकारल्या गेलेल्या अर्जांचीही यादी ठेवावी. २०१६ मध्ये प्रिन्स्टनच्या योहानेस हाउसहोफर या प्राध्यापकाने तशी यादी खरोखरच जाहीर केली. ती इतकी गाजली की त्याच्या सगळ्या संशोधनापेक्षा हिचीच चर्चा जास्त झाली, हेही अपयश त्याने त्याच यादीत टाकून दिलं. तो माणूस निदान मिश्किल होता. आमच्या गोलात येणारं अपयश मात्र इस्त्री केलेलं असतं. 'दोनदा पडलो, तिसऱ्यांदा उभा राहिलो.' पडलो तेव्हा कुणाचे किती पैसे अडकले आणि ते परत केले का, हे त्यात नसतं. आणि जो अजून पडलेलाच आहे तो बिचारा या गोलात येतच नाही, तो घरी फोन उचलायचं टाळत बसलेला असतो.

आता आम्हा शिकवणाऱ्यांकडे वळते. 'स्वतः धंदा न करता धंदा कसा शिकवता?' हा प्रश्न आमच्या पाठीमागे नेहमी विचारला जातो, समोर क्वचित. याचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. झां-बाप्तिस्त से हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ. 'आंत्रप्रनर' या शब्दाला अर्थशास्त्रात त्याने जागा मिळवून दिली. १८०३ साली त्याचं पुस्तक आलं, नेपोलियनने ते आपल्या सोयीने बदलून मागितलं, याने नकार दिला आणि पद गमावलं. मग गडी उत्तर फ्रान्समध्ये जाऊन सूतगिरणी चालवायला लागला. शेकडो कामगारांची गिरणी त्याने कित्येक वर्षं चालवली आणि मग १८१९ पासून पॅरिसमध्ये उद्योगाचं अर्थशास्त्र शिकवलं. असा गुरू कुणालाही चालेल.

दुसरा जोसेफ शुंपेटर. उद्योजक म्हणजे कोण, तो बाजारात नेमकं काय घडवतो, यावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १९११ सालचं. त्यानंतर १९१९ मध्ये तो काही महिने ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री झाला, मग व्हिएन्नातल्या एका बँकेचा अध्यक्ष. १९२४ पर्यंत सगळं कोसळलं. पद गेलं, स्वतःची पुंजी गेली, वर कर्ज झालं. १९२५ मध्ये बॉनला प्राध्यापक झाला आणि पुढे कित्येक वर्षं ते कर्ज फेडत राहिला. म्हणजे उद्योजकाचा सिद्धांत आधी आला, बुडणं नंतर. या माणसाने आमच्या गोलात दोन मिनिटांत काय सांगितलं असतं? बहुधा 'माजी अर्थमंत्री, माजी बँक अध्यक्ष'. 'माजी' हा फार सोयीचा शब्द आहे. गेला की घालवला, ते त्यात कळत नाही.

आणि फिल नाइटचं काय करायचं? १९६४ साली त्याने आपल्या जुन्या प्रशिक्षकाबरोबर बूट विकायची कंपनी काढली, तीच पुढची 'नायकी', पण तिच्यावर भागत नव्हतं म्हणून तो पोर्टलंड स्टेटमध्ये अकाउंटिंग शिकवत होता. तिथेच भेटलेल्या कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीकडून त्याने १९७१ मध्ये ३५ डॉलरमध्ये 'नायकी'चं चिन्ह काढून घेतलं. हिशेबाचा मास्तर की बूटवाला? त्या वर्षांत त्याला स्वतःलाही एका शब्दात सांगता आलं नसतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती हार्वर्डची एक जुनी पद्धत. तिथलं व्यवसाय विद्यालय १९०८ मध्ये सुरू झालं, आणि तीनेक वर्षांनी आर्च शॉ नावाच्या प्रकाशकाने तिथे एक अभ्यासक्रम चालवला. वर्गात उद्योजकांना बोलवायचं, पण पार्श्वभूमी सांगायला नव्हे, यशाचं रहस्य सांगायला तर मुळीच नव्हे. आपल्या धंद्यात सध्या अडलेला एक प्रश्न त्याने वर्गापुढे ठेवायचा आणि मुलांच्या शंकांना उत्तरं द्यायची. मुलांनी दोन दिवसांत त्यावर लेखी मत द्यायचं आणि मग त्या माणसाने पुन्हा येऊन त्या मतांची चिरफाड करायची. पुढे तिथली केस पद्धत, म्हणजे एखाद्या धंद्यातला प्रसंग छापून वर्गात त्यावर चर्चा करायची पद्धत, सगळीकडे पसरली, पण त्या छापील केसमधला प्रश्न कधीचाच सुटलेला असतो. शॉच्या वर्गात येणाऱ्याला मात्र उत्तर खरंच हवं असायचं. अडलेला माणूस सहसा पोज घेत नाही. पॅलेटवाली मुलगीही फळ्या मोजण्याचं सांगायला लागली तेव्हा तिच्या आवाजातली कृत्रिमता गळून पडली होती, ती यामुळेच.

त्याच मधल्या सुट्टीत तिने मला विचारलं, "मॅडम, तुमचा व्यवसाय कसला होता? मग आता का नाही?"

११ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, सांगते नंतर." आणि वर्गात जाऊन बोर्ड पुसायला लागले, तो आधीच पुसलेला होता.

१८ वर्षांची फोड अशी आहे. पहिली तीन वर्षं माझा छपाईचा व्यवसाय होता. कंपन्यांना लागणारे फॉर्म, लेबलं, माहितीपुस्तिका. कागदवाल्याचे पैसे ३० दिवसांत द्यायचे. गिऱ्हाइकांच्या कागदावर ६० दिवस लिहिलेले असायचे आणि हातात ९० दिवसांनी पडायचे. काम जितकं वाढेल तितका मधल्या ६० दिवसांचा खड्डा मोठा होत गेला. तिसऱ्या वर्षी विक्री सगळ्यात जास्त होती, ताळेबंदात नफा दिसत होता आणि पगाराच्या दिवशी बँकेत पैसे नव्हते. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात थकलेल्या बिलांच्या प्रती तारखेवार लावलेल्या असायच्या. रोज अकरा वाजता खण उघडायचा, वरून सुरुवात करून फोन लावायचे आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून खण लावायचा. शेवटी मशीन विकलं.

त्यानंतरचं एक वर्ष मी काहीच केलं नाही. कागदवाल्याचं देणं हप्त्यांनी फेडलं, लग्नकार्यांना जायचं टाळलं. हे वर्षही १८ मध्ये धरलेलं आहे.

मग तीन वर्षं नोकरी केली. एका मोठ्या कंपनीत पुरवठादारांची बिलं तपासून पुढे पाठवायचं काम. ज्या टेबलावर फोन करून मी घसा कोरडा केला होता, तसल्याच टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. पहिल्या महिन्यातच कळलं की पैसे कुणी मुद्दाम अडकवत नव्हतं. बिलावर खरेदी आदेशाचा नंबर नाही, म्हणून ते ट्रेमध्ये पडून. बिलात ५०० नग आणि स्टोअरच्या नोंदीत ४८०, म्हणून पडून. पैसे महिन्यातून ठरलेल्या दोनच तारखांना सुटत, बिल एक दिवस उशिरा आलं की पंधरवडा गेला. आणि या सगळ्याची 'साहेबां'ना कल्पनाही नसे. मी तीन वर्षं भलत्याच माणसाला फोन करत होते.

एकदा त्या ट्रेमध्ये एका लहान छापखान्याचं बिल सापडलं. दोन महिने जुनं. कागद हाताला लागल्यावरच ओळखीचा वाटला, मी वापरायचे त्याच वजनाचा. नंबर लिहायचा राहिला होता, बाकी सगळं चोख. नियमाप्रमाणे ते परत पाठवायला हवं होतं. मी फोन उचलला. पलीकडे एक बाई होत्या, त्यांनी आदेश शोधून नंबर सांगितला आणि मग विचारलं, "एवढ्यासाठी दोन महिने?" मी "हो" म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही थोडा वेळ फोन धरून बसले.

आज मी वर्गात जे शिकवते त्यातलं निम्म्याहून जास्त त्या ट्रेमधून आलेलं आहे. बिलावर कोणते पाच तपशील हवेतच, माल उतरवताना पोचपावतीवर सही कुणाची घ्यायची, वसुलीचा पहिला फोन मुदत संपल्यावर करण्याऐवजी बिल पोचल्यावर दोन दिवसांनीच का करायचा. मुलं विचारतात, "हे तुम्हाला कसं माहीत?" मी इतकी वर्षं म्हणत आले, "इंडस्ट्री एक्सपोजर." बिलं तपासणारी कारकून होते, हे 'उद्योग आणि अध्यापन'मध्ये कुठे बसत नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तास सुरू करण्यापूर्वी मी हे सगळं सांगितलं. त्या मुलीला सांगायला सुरुवात केली होती, पण एकेक करत सगळे ऐकायला लागले. छापखान्याच्या भागाला कुणी फारसं बोललं नाही. ट्रेपाशी आल्यावर मात्र वह्या उघडल्या. पॅलेटवाली म्हणाली, "मॅडम, माझं एक बिल ७० दिवस झाले अडकलंय." तिने फोनमध्ये ते उघडून दाखवलं. मी बघितलं. आदेशाचा नंबर होता, पण जुन्या आदेशाचा. दर वाढल्यावर कंपनीने नवा काढला होता आणि हिने बिल जुन्याच साच्यातून छापलं होतं. तिने तिथूनच फोन लावला, साहेबांना नव्हे, बिलं तपासणाऱ्याला. आमचा त्या दिवशीचा विषय घसारा होता. तो राहिलाच.

दोन महिन्यांनी पुढच्या बॅचच्या पत्रकासाठी माहिती मागवली गेली. मी लिहून पाठवलं: छपाईचा व्यवसाय, ३ वर्षं (बंद पडला), पुरवठादारांची बिलं तपासण्याची नोकरी, ३ वर्षं, अध्यापन, ११ वर्षं. संध्याकाळी संयोजकांचा फोन आला.

"मॅडम, माहिती मिळाली. एक विचारायचं होतं, याची बेरीज १७ होते. मागच्या पत्रकात १८ होती."

"एक वर्ष मी घरी होते."

"बरं बरं. आणि ते कंसात 'बंद पडला' असं आलंय, ते टायपिंगमध्ये चुकून आलंय का? काढून टाकतो."

"चुकून नाही. राहू द्या."

पलीकडे जरा शांतता. मागे कुठेतरी प्रिंटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"ठीक आहे मॅडम, आत राहू देतो," ते म्हणाले. "पण बॅनरवर एवढं सगळं बसणार नाही. तिथे आपण '१५ हून अधिक वर्षांचा अनुभव' टाकूया का?"